सासूबाईंबरोबर स्किप्टनपर्यंत

आधीच सांगून टाकतो, बॅलरॅटला जाऊन मी सोन्याची खाण पाहिलेली नाही. मेलबर्नची निम्मी मराठी मंडळी पाहुणे आले की त्यांना गाडीत घालून तिकडे नेतात, परातीत माती घोळवायला लावतात आणि फोटो काढून संध्याकाळी परत आणतात. आम्ही गेलो तेव्हा लॉकडाऊन नुकताच उठला होता आणि गावातलं निम्मंअधिक बंदच होतं. पण त्या गावाबाहेर मी जे पाहिलं, त्यापुढे खाणबिण काही नाही. अख्खा दिवस सायकल चालवावी एवढा लांब रस्ता, आणि त्याच्यावर गाडी म्हणून नाही!

झालं असं, की जुन्या काळी सोन्यावर गब्बर झालेल्या या बॅलरॅट शहरातून पश्चिमेला स्किप्टन नावाच्या गावापर्यंत आगगाडी जायची. सोनं संपलं, माणसं पांगली, गाडी बंद पडली. मग या लोकांनी रूळ उचलले आणि त्या जागेवर बारीक मुरूम पसरून चालणाऱ्यांना, घोड्यांना आणि सायकलवाल्यांना वाट मोकळी करून दिली. तिला म्हणतात रेल ट्रेल. आपल्याकडे रूळ उचलले असते तर दुसऱ्या दिवशी तिथे पार्किंग झालं असतं आणि तिसऱ्या दिवशी मांडव पडला असता. मी पुणेकर आहे, मला बोलायचा अधिकार आहे.

या वाटेवर माझ्यासोबत होत्या माझ्या सासूबाई. वय सदुसष्ट. हसू नका, त्यांनी माझा पार घाम काढला.

सासूबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीला आल्या आणि अडकल्या. सासरे कोथरूडला एकटे. त्यांना विमानाची धास्ती, म्हणून ‘तू जाऊन ये, मी मजेत राहीन’ म्हणून त्यांनी बायकोला पाठवलं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मग रोज दुपारी आमच्या डायनिंग टेबलवर तोच व्हिडिओ फोन. बाबा म्हणायचे, “मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस.” आई म्हणायच्या, “मीपण मजेत आहे.” मग दोघं डब्यातल्या भाजीविषयी बोलायचे. फोन ठेवल्यावर आई ओटा पुसायच्या. पुसलेलाच ओटा पुन्हा.

आता नोव्हेंबरअखेरच्या एका विमानात जागा मिळत होती. एजंटने ती सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. माझी बायको केतकी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिने करोनाचे रिपोर्ट हजारांनी पाहिलेले. तिचं एकच म्हणणं, आईने हलायचं नाही, लस आल्यावर बघू. बाबा फोनवर म्हणत, “केतकी म्हणते तेच बरोबर, ये‌ऊ नकोस.” आणि आईंना विचारलं की त्या म्हणायच्या, “तुम्ही सगळे ठरवाल तसं.”

शनिवारी गाडीवर सायकली बांधताना केतकीने मला गॅरेजमध्ये गाठलं. “उद्या तुम्ही दोघंच असणार आहात. तिला नीट समजाव, की इथेच राहा. जावयाचं ऐकेल ती.”

मी म्हटलं, “बघतो.” जावयाची नोकरी अशीच असते.

बॅलरॅट

गाव काय देखणं आहे! रस्ते एवढे रुंद, की आमच्या लक्ष्मी रोडसारखे तीन-चार शेजारी शेजारी बसावेत. दगडी इमारती, त्यांना लोखंडी नक्षीचे व्हरांडे, टाऊन हॉलचा मनोरा. सोनं सापडल्यावर माणसं उधळतात, हे ठाऊक होतं. ही मंडळी उधळता उधळता शहर बांधून बसली. संध्याकाळी आम्ही मास्क लावून तळ्याकाठी हिंडलो. पाण्यात काळे हंस. आई थबकल्याच. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पेठेतल्या शाळेत, मराठी आणि इतिहास.

“अहो श्रीरंग, आम्ही मुलांना शिकवलं हंस पांढराशुभ्र असतो. आता काय करायचं?”

“आता इलाज नाही आई, ती मुलं पन्नाशीला आली.”

आमची इरा, वय चौदा, मराठी सगळी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत. “आजी, दे आर सो ग्रम्पी, डोन्ट गो क्लोज,” ती म्हणाली, तोवर एका हंसाने आजीच्या ओढणीवर चोच टाकलीच होती.

आईंच्या सायकलची गोष्ट सांगायला हवी. कोथरूडहून शाळेपर्यंत त्या नोकरीची सगळी वर्षं लेडीज सायकलने गेल्या. लॉकडाऊनमध्ये दिवसातून तासभर व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती, तेव्हा त्यांनी इराची सायकल बाहेर काढली, पंजाबी ड्रेसची सलवार घोट्याशी केसांच्या रबराने बांधली आणि निघाल्या. आमच्या गल्लीतले लोक त्यांना हात करायचे. मीही तेव्हाच सायकल घेतली होती. खडीवरून पळणारी, वाकड्या हँडलची, अख्ख्या मेलबर्नने त्या वर्षी घेतली तशीच. फरक इतकाच, की आई रोज चालवायच्या आणि मी रोज तिचे व्हिडिओ बघायचो.

हॅडन, स्माइथ्सडेल

रविवारी सकाळी केतकीने आम्हाला गावाच्या पश्चिम टोकाला सोडलं. ठरलं असं, की दमलो की फोन करायचा, ती गाडी घेऊन येईल. “समजाव हं,” ती माझ्या कानाशी पुटपुटली. इरा गाडीतच झोपलेली.

पहिला तासभर नुसता स्वर्ग. आगगाडीला चढ सोसत नाहीत, म्हणून वाट सपाट किंवा अलगद उताराची. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं, सालं सोललेली, खाली पिवळी रानफुलं. टायरखाली मुरूम करकरतो तेवढाच आवाज. हॉर्न नाही, धूर नाही, मागून कोणी अंगावर येत नाही. पुण्यात सायकल चालवताना माणूस मानेनेच निम्मा दमतो, सतत मागे बघून. इथे आई मान ताठ ठेवून, मधोमध, राणीसारख्या चालल्या होत्या.

“श्रीरंग, इथे घंटी वाजवायची कुणासाठी?”

“कांगारूसाठी.”

त्यांनी खरंच वाजवली. आणि झुडपातून दोन कांगारू टुणकन वाट ओलांडून गेले! आई एवढ्या खूश झाल्या, की पुढे प्रत्येक झुडपाला घंटी.

हॅडनच्या पुढे माझी शोभा झाली. वाटेत आडवं काहीतरी पडलं होतं, मला वाटलं लाकूड. लाकडाने तोंड उघडून निळी जीभ बाहेर काढली. मी करकचून ब्रेक दाबला आणि सायकलसकट कडेच्या गवतात. आई उतरल्या, त्या प्राण्याकडे बारकाईने बघितलं आणि म्हणाल्या, “घोरपडीच्या जातीचं दिसतंय. गरीब आहे हो, उठा.” या सरड्याला इथे ब्लू टंग म्हणतात, तो काही करत नाही. माझं ढोपर मात्र सोलवटलं. मी “काही नाही, काही नाही” म्हणत उठलो. सासूबाईंसमोर ‘आई गं’ कसं म्हणणार?

स्माइथ्सडेल हे चार घरांचं, जुन्या कोर्टाच्या इमारतीचं गोड गाव. तिथे कॅफेच्या अंगणात बसून आम्ही चहा मागवला आणि डब्यातली थालीपिठं खाली, मांडीवर धरून, हळूच खाल्ली. तेवढ्यात कॅफेवाली बाई ट्रे घेऊन आली. त्यात स्कोन म्हणजे इथले वाफाळते गोडसर पाव, जॅम, साय. “जास्तीचे झालेत, घ्या ना एकेक,” ती इंग्रजीत म्हणाली.

आई ताबडतोब, “नो नो, थँक यू.”

“नो वरीज!” म्हणून बाई हसत पुढच्या टेबलाकडे गेली आणि ट्रे तिथे रिकामा झाला.

आई त्या ट्रेकडे बघतच राहिल्या. “तिने परत विचारलं नाही!”

“इथे एकदाच विचारतात, आई.”

“मग घ्यायचं कसं माणसाने?”

“पहिल्यांदाच हो म्हणायचं.”

“पहिल्यांदाच? अहो, हावरट दिसतं ते.”

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी त्यांच्याकडे असाच अर्धपोटी उठायचो, कारण त्या तिसऱ्यांदा आग्रह करायच्या आत कोणीतरी श्रीखंडाचं भांडं हलवायचं.

माझ्या मांड्या तोवर बोलायला लागल्या होत्या. बुडाविषयी बोलत नाही. फोन करून केतकीला बोलवावं असं फार मनात होतं. मी आडून विचारलं, “आई, इथूनच परत जायचं का? तुम्ही दमला असाल.”

“मी? छे हो. तुम्हाला पुढे जायचं असेल ना? चला की.”

“मला काय, मला चालेल.”

निघालो.

लिंटनकडे

न्यूटाउननंतर एक जुना लाकडी पूल लागतो. ओढ्यावर उंच उभा, लाकडाच्या उभ्याआडव्या जाड खांबांनी विणलेला. त्यावरून एके काळी इंजिनं धडधडत जायची, आता आमच्या दोन सायकली. आम्ही मधोमध थांबलो. खाली दरीत झाडांचे शेंडे, वर काकाकुवांचा कलकलाट, आणि आसपास माणूस नाही. आई कठड्याला हात लावून उभ्या होत्या. “यांना हे फार आवडलं असतं,” त्या म्हणाल्या. बाबा रेल्वेत होते.

समजावण्याची वेळ हीच, असं मला वाटलं. मी घसा खाकरला. “आई, ते तिकिटाचं…”

“तुम्ही ठरवाल तसं हो,” त्या पटकन म्हणाल्या आणि पेडलवर पाय ठेवला.

लिंटनपर्यंत थोडा चढ होता. आगगाडीला तो जाणवत नसेल, मला जाणवला. लिंटनला पोचलो तर दुकानाला कुलूप, रविवार आणि वर करोना. बाकावर टेकलो, बाटल्यांतलं पाणी तळाला. पुन्हा तोच खेळ.

“बोलवायचं का केतकीला, आई?”

“तुमची इच्छा असेल तर बोलवा. माझ्यासाठी नका थांबू.”

आता ‘माझी इच्छा आहे’ असं कुठला जावई म्हणेल? सदुसष्ट वर्षांच्या बाई चढून आल्यात आणि हा चाळीशीतला घोडा म्हणतो मला न्यायला या! मी म्हटलं, “नाही नाही, मी एकदम फ्रेश आहे.”

“मग झालं तर,” आई म्हणाल्या. आवाज जरा बारीक होता. मला तो तेव्हा कळायला हवा होता.

माळावर

लिंटन सुटलं आणि झाडं संपली. दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर माळ, गवत पिवळं पडायला लागलेलं, त्यात ठिपक्यांएवढ्या मेंढ्या. आभाळ एवढं मोठं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण समोरून वारा. असा वारा, की पेडल मारावं तर सायकल जागच्या जागी. आईंची ओढणी मागे ताठ उडत होती. माझा फोन बघितला, तर रेंज गायब.

एक कच्चा रस्ता वाट कापून जात होता, तिथे आम्ही उतरलो. खरं म्हणजे आई उतरल्या, म्हणून मला उतरता आलं. सावलीचं नाव नाही. उरलेलं पाणी दोघांनी एकमेकांना “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” करत अर्धं मातीत सांडलं.

तेवढ्यात धुरळा उडवत एक यूट आली, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली शेतकऱ्याची गाडी. हौद्यात कुत्रं. चालवणारा म्हातारा काच खाली करून म्हणाला, “यू राइट? स्किप्टनला चाललोय. सोडू का? सायकली मागे मावतील.”

मी आणि सासूबाई, एका सुरात, शाळेतली प्रार्थना म्हणावी तसे: “नो नो, वी आर फाइन, थँक यू!”

“नो वरीज,” म्हातारा म्हणाला आणि गेला.

गेला! धुरळा खाली बसला. गाडीचा ठिपका झाला. कुत्रं बराच वेळ आमच्याकडे बघत होतं.

“तुम्ही नको का म्हणालात?” आई म्हणाल्या.

“मी? तुम्ही म्हणालात!”

“मी म्हणाले कारण तुम्हाला सायकलनेच जायचं होतं.”

“मला? अहो आई, माझ्या मांड्या स्माइथ्सडेललाच संपल्या!”

“आणि माझे पाय लिंटनच्या आधी गेले!” सोळा वर्षांत सासूबाई माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. “मग बोलला का नाहीत?”

“सासूसमोर काय बोलू? तुम्ही का नाही बोललात?”

“जावयासमोर काय बोलू?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी त्या हसल्या, मग मी. मुरमावर फतकल मारून, पोट धरधरून हसलो. कुंपणापलीकडच्या मेंढ्या सरकून लांब उभ्या राहिल्या. हसता हसता आईंनी ओढणी डोळ्यांना लावली आणि ती काढेनात. मग माझ्या लक्षात आलं, की त्या हसत नाहीयेत.

“मला पुण्याला जायचंय, श्रीरंग.”

मी त्यांच्याजवळ सरकलो.

“रोज ते म्हणतात मी मजेत, मी म्हणते मी मजेत. त्यांचा सदरा बघितलात? गळ्याशी केवढा ढिला झालाय. त्यांना साधा कुकर लावता येत नाही हो. एवढ्या वर्षांत मी लावू दिला नाही, माझीच चूक. वरच्या मजल्यावरचे लेले गेले, त्यांच्या मुलाने अमेरिकेतून सगळं फोनवर पाहिलं. मला नाही तसं बघायचं. आजारी पडायचं असेल तर मी तिथे पडेन, त्यांच्या शेजारी.”

“मग हे केतकीला का नाही सांगितलंत?”

“ती किती काळजी करते. तिला कसं दुखवू? मला वाटलं, कोणीतरी विचारेल.”

“आम्ही विचारत होतो की, आई.”

“एकदाच विचारत होता,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजवायला आलो होतो, आठवतंय ना? नऊ महिने ही बाई आमच्या घरात थालीपिठं थापत होती, इराला पाढे शिकवत होती, आणि आम्ही खुशाल समजत होतो, की त्यांना बरं चाललंय.

“तुम्ही सांगाल का तिला?” आईंनी विचारलं.

आजवर मी त्यांना कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. “नाही,” मी म्हटलं. “मी तुमच्या शेजारी उभा राहतो. पण सांगायचं तुम्ही.”

त्या उठल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली. “चला. आणि आता दमलात की सांगायचं. तुम्हीही.”

त्यानंतर आम्ही दर थोड्या अंतराला बिनधास्त थांबलो. “श्रीरंग, थांबा.” “आई, थांबा.” कधी सायकल हातात धरून चाललो. माळ तोच, वाराही तोच, पण आता मला तो माळ खरोखर दिसायला लागला. लांबवर निजलेले जुने ज्वालामुखीचे डोंगर, घारी, गवतावरून पळणाऱ्या ढगांच्या सावल्या. आईंनी मला बाबांच्या बदलीच्या गावांच्या गोष्टी सांगितल्या. मी मला ढोपर दुखतंय हे सांगितलं.

स्किप्टन

शेवटी वाट उताराला लागली. खाली ओढा, मोठी झाडं, दगडी चर्चचं टोक. रेंज आली तसा मी केतकीला मेसेज टाकला. आम्ही गावच्या नळावर पाणी पीत होतो, तेव्हा ती पोचली आणि गाडीतून उतरायच्या आधीच सुरू झाली.

“श्रीरंग, वेड लागलंय का तुला? इतकं लांब? तिला?”

“आजी, यू रोड द होल थिंग? दॅट्स इनसेन!” इरा ओरडली आणि आजीला मिठीच मारली. त्या काळात मिठी मारताना सगळे जरा विचार करायचे, ती विसरली.

“त्यांना बोलू नकोस, केतकी,” आई म्हणाल्या. “इकडे ये. ते तिकीट पक्कं कर. मी जाणार आहे.”

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी ठरल्याप्रमाणे आईंच्या शेजारी उभा होतो.

“आई, तिकडे काय चाललंय बघतेस ना तू? रोज किती लोक… विमानात कोणाला काय असेल… मी कशी पाठवू तुला?”

“तू पाठवू नकोस. मी जातेय.”

“पण तू तर म्हणत होतीस, तुम्ही ठरवाल तसं!”

“म्हणत होते. आता नाही म्हणत.” आईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “तुला भीती वाटते, मला कळतं. मलापण वाटते. पण तुझे बाबा एकटे आहेत गं.”

केतकी रडली. मग तिने नाक पुसलं, फोन काढला, एजंटला मेसेज केला आणि फोन आईंच्या हातात दिला. “बाबांनाही तूच सांग. माझं ऐकणार नाहीत ते.”

पुण्यात सकाळ होती. पडद्यावर बाबा दिसले, स्वयंपाकघरात, मागे गॅसवर काहीतरी उतू चाललेलं.

“मी येतेय,” आई म्हणाल्या.

“कशाला? अगं, मी मजेत आहे. तू आपली तिथेच…”

“तुम्ही असाल मजेत. मी नाही.”

पलीकडे बाबा गॅस बंद करायला वळले. वळलेलेच राहिले. मला वाटलं चित्र अडकलं. इराने फोन जरा उंच धरून बघितला.

मग त्यांचा आवाज आला, तोंड अजून भिंतीकडेच.

“ये गं. मला एकट्याला नाही जमत.”